आक्काचं नाक

मुलीला सासरी पाठवतात हे जगाला ठाऊक आहे. पण मुलीच्या मागोमाग अख्खं माहेरच तिच्या सासरी राहायला आलं, असं मी तरी फक्त आक्काच्या बाबतीत ऐकलंय.

आक्का मूळची ऐनघोळची. घाटमाथ्यावरच्या दाट रानात तीस-बत्तीस उंबऱ्यांचं गाव. सोळाव्या वर्षी तिचं लग्न लागलं आणि तिला दिली हातकणंगल्याजवळ. तिथं बघावं तिकडं ऊस. झाड म्हणजे बांधावरची बाभळ, नाहीतर मारुतीच्या देवळामागचा पिंपळ. पहिल्याच उन्हाळ्यात तिनं सासूला विचारलं होतं, "आत्ती, हितं सावली कुटं मिळती?" सासूनं हे वाक्य पुढं वीस वर्षं पाहुण्यांना हसत हसत सांगितलं. माहेरी जायचं म्हणजे तीन एसट्या बदलायच्या आणि वर दोन तासांची चढण. तरी आक्का वर्षातून एकदा जायचीच.

मग तिच्या लग्नानंतर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी ऐनघोळ अभयारण्यात गेलं. गावाला उठवलं, आणि बदली जमिनी मिळाल्या त्या नेमक्या आक्काच्या घरापासून अर्ध्या कोसावर. पत्र्याच्या शेडांच्या दोन रांगा, मधे एक हापसा, आणि नाव 'वसाहत'. धाकटा भाऊ पिराजी ट्रकमधून भांडी उतरवत होता, तेव्हा शेजारणी आक्काला म्हणाल्या, "नशीब काढलंस बाई! म्हायार दारात आलं की!" आक्काला मात्र रडू आवरेना. माणसं सगळी आली होती, पण रान मागंच राहिलं होतं, आणि तिचं माहेर म्हणजे निम्मं रानच होतं. आता भाऊबीजेला पिराजीकडं जायला वीस मिनिटं लागतात. जेवण चांगलं होतं, साडी मिळते, पण माहेरी गेल्यासारखं काही वाटत नाही.

ऐनघोळच्या पोरींची शाळा रानात भरायची आणि तिची मास्तरीण होती तानाबाई. तानाबाईला अक्षरओळख नव्हती. सकाळी पोरी लाकडाला जायच्या. पडलेलं, वाळलेलं तेवढंच गोळा करायचं, उभ्या झाडाला कोयता लावायचा नाही, हा नियम. येताना गावाच्या खिंडीत तानाबाई पान चघळत बसलेली असायची. तिच्यासमोर प्रत्येकीनं मोळी उतरवून सोडायची. तानाबाई एकेक काटकी मोडायची, कानाशी धरायची, नाकाला लावायची, आणि चालणारी असली तर डावीकडं ठेवायची, नको असली तर मागं दरीत. उंबर नको, तो देवाचा. शिवण नको, तिचे पाळणे होतात. ज्या लाकडात लेकरू निजतं ते चुलीत घालायचं नाही. सावर नको, ती नुसता धूर करते आणि भाकरी कच्ची ठेवते. आणि बिब्बा तर बापजन्मी नको. त्याच्या धुरानं घरातल्या सगळ्यांची तोंडं भोपळ्यागत सुजायची. मोळीत बिब्ब्याची एक काटकी जरी निघाली तरी सगळी मोळी दरीत, आणि पोरगी रिकाम्या डोक्यानं घरी, आईच्या शिव्या खायला.

पान-फूल बघून झाड कुणीही ओळखील. साल गळालेली, उन्हापावसानं हाडासारखी पांढरी पडलेली काटकी ओळखायची म्हणजे खरं काम. ती हातात घेऊन तोलायची, मोडताना कसा आवाज येतो ते ऐकायचं, आणि मोडल्या मोडल्या हुंगायची, कारण वास दोन-चार श्वासांत उडून जातो. आक्काची मोळी तीनदा दरीत गेली. चौथ्यांदा गेली नाही, आणि पुन्हा कधीच गेली नाही. बारा वर्षांची असताना एके दिवशी तानाबाईनं तिची मोळी सोडलीच नाही. "बस हितं," म्हणाली, आणि बाकीच्या पोरींच्या काटक्या तिच्याकडं सरकवल्या. आक्काला आयुष्यात मिळालेली तेवढीच पदवी. लग्नात हळद लागली तेव्हाही तिला एवढं भारी वाटलं नव्हतं.

सासरी तिच्या या विद्येचं लोणचं घालायचं का, असा प्रश्न होता. उसाच्या पाचटात काय हुंगणार? पण नाक काही स्वस्थ बसत नव्हतं. तीन घरं पलीकडं कुणाची डाळ लागली, कुणाच्या तुपात काय मिसळलंय, कोण विडी ओढून तुळस चघळत आलाय, सगळं तिला बसल्या जागी कळायचं. नवऱ्यानं बिचाऱ्यानं विडी सोडली ती पुण्य म्हणून नाही, दमला म्हणून. गल्लीत म्हणच पडली होती, "देवापासनं लपंल, आक्काच्या नाकापासनं न्हाय लपायचं."

या नाकाची खरी किंमत केली ती पिराजीच्या लेकीनं, निशिगंधानं. वसाहतीत जन्मलेली ही पहिली पोर. तिनं ऐनघोळ कधी नांदतं बघितलंच नाही. पण लहानपणी आत्याच्या मांडीवर पडून तिनं ते इतक्यांदा ऐकलं की वर्गात 'माझे गाव' या निबंधात तिनं वसाहतीऐवजी ऐनघोळच लिहिलं. पुढं ती कोल्हापूरला वनस्पतिशास्त्र शिकली आणि तिथंच ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागली. झाडांची लांबलचक शास्त्रीय नावं तिला तोंडपाठ. पण साल नसलेली काटकी समोर आली की तिची विद्या थांबायची, आणि आत्याची तिथून सुरू व्हायची.

म्हणून तिनं वही सुरू केली. एका पानावर एक झाड. नाव, लाकूड कशाला चालतं, कशाला चालत नाही, जाळ कसा, धूर कसा, कुठल्या झाडाला का हात लावायचा नाही. अभयारण्याच्या खालच्या अंगाला नात्यातल्या लोकांची मालकीची रानं होती. तिथून ती वाळक्या काटक्या आणायची, त्यांना दोऱ्यानं नंबर बांधायची, आणि एकाआड एक रविवारी स्कूटरवरून आत्यापुढं येऊन बसायची. आक्का काटकी मोडायची, हुंगायची आणि सांगायची. वही पुरी झाली की छापून वसाहतीच्या शाळेत वाटायची, असं ठरलं होतं. पिराजी तर आधीच सगळीकडं सांगत सुटला होता, "आमच्या आक्काचं पुस्तक येतंय!"

वहीची दहा-बारा पानं झाली असतील, आणि कोरोनाची दुसरी लाट आली. आक्का पंधरा दिवस पडून होती. बरी झाली, उठली, पुन्हा चुलीशी-गॅसशी वावरायला लागली. एके दिवशी ती कट्ट्याला टेकून लसूण सोलत होती, आणि सून शालू परसातून ओरडत आली, "अवो आत्ती! दूध करपून कोळसा झालं की! हितंच तर बसलायसा!" आक्कानं मान वर केली. पातेल्यातून काळा धूर निघत होता, आणि तिला कसलाच वास येत नव्हता. तिनं लसणाची पाकळी नाकाशी धरली, मग चिरडून धरली. काही नाही. "डोळा लागलता," ती शालूला म्हणाली.

एक महिन्यानं येईल, दोन महिन्यांनी येईल, असं करता करता वर्ष गेलं. नाक काही परत आलं नाही, आणि आक्कानं कुणालाही सांगितलं नाही. डोळे गेले असते तर सांगितलं असतं, कान गेले असते तर ओरडून सांगितलं असतं. पण माहेरातून तिनं सोबत आणलेलं एवढंच उरलं होतं. ते गेलं म्हटलं की निशिगंधाचं रविवारचं येणंही गेलं, असं तिला वाटायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून ती मूठ झाकून बसली.

रविवार चालूच राहिले. आक्का काटकी मोडायची, नाकाशी धरायची, डोळे मिटायची, सगळं पहिल्यासारखं. फक्त आता ती वजनावरून आणि आवाजावरून अंदाज बांधायची, आणि सांगायची मात्र ठाम. पुष्कळदा बरोबरही यायचं. मग एका रविवारी निशिगंधानं एक काटकी पुढं केली. आक्कानं हातात तोलली, मोडली, आणि म्हणाली, "ऐन."

निशिगंधानं वही उघडली. तिनं ही काटकी आणताना झाडही बघितलं होतं, पान आणि फुलोराही वहीत दाबून ठेवला होता. तिच्या मते ते किंजळ होतं. लांबून पाहिलं तर दोन्ही भावंडं, पण तिनं तिथंच तपासून लिहिलं होतं. ती त्या पानाकडं बघत राहिली, मग स्वतःशीच हसली.

"माझंच चुकलं असणार," ती म्हणाली. "पानं कुठल्यातरी दुसऱ्याच झाडाची घेतली असतील मी. आक्का म्हणती ऐन, तर ऐन." आणि तिनं 'किंजळ' खोडलं.

पेनाचा तो खर्रकन आवाज आक्काच्या काळजात गेला. ठाऊक नसताना आपण ठाम बोललो, म्हणून पोरीनं स्वतःला ठाऊक असलेलं खोडलं, हे तिला लख्ख कळलं. बोलायला तिनं तोंडही उघडलं होतं, पण त्याच वेळी शालू चहा घेऊन आली आणि तोंड मिटलं. त्या दिवसापासून मात्र तिला घास गोड लागेना. वसाहतीत अजून घरोघरी आंघोळीचं पाणी बंबात तापतं. उद्या एखादं पोर वही वाचून बंबात भलतंच लाकूड घालील, आणि सगळ्या घराचे डोळे सुजून मिटतील. वर नाव कुणाचं, तर आक्काचं. तानाबाई असती तर तिनं काटकी नव्हे, आक्कालाच दरीत टाकलं असतं.

माघात देवाचा दिवस असतो. त्या एका दिवसासाठी ऐनघोळच्या लोकांना अभयारण्यात जाऊ देतात. यंदा दोन बस ठरवल्या होत्या. निशिगंधानं सोबत वही घेतली होती आणि काटक्यांची कापडी पिशवीही. परवा वही छापायला जाणार होती. त्याआधी तिथल्या झाडांशी एकदा ताडून बघू, असं तिचं म्हणणं.

आता गाव म्हणजे रानच. जिथं भातखाचरं होती तिथं हात न पुरणारी झाडं. पिराजी आणि बाकीचे पुरुष देवळाकडं गेले. आक्का निशिगंधाचा हात धरून बापाच्या घराच्या जोत्यावर आली. चार दगड जागेवर होते. जिथं आई भाकरी थापायची तिथून एक झाड सरळ वर गेलं होतं. आक्का जोत्यावर बसली आणि पदर डोळ्यांना लावला. निशिगंधाला वाटलं, जुनी आठवण आली. ती शेजारी बसली आणि खाली पडलेली एक डहाळी उचलून कौतुकानं तिच्या नाकाशी धरली. "घे, आक्का. तुझ्या म्हायारचा वास."

आक्कानं ती डहाळी हळूच बाजूला केली.

"निशे, मला वास येत न्हाय गं."

"सर्दी झालीय?"

"चार वर्सं झाली. कोरोनात गेला त्यो गेला."

निशिगंधा हसायला गेली आणि थांबली. तिनं वहीवर हात ठेवला. "म्हणजे ही सगळी…"

"पयली दहा-बारा पानं खरी हायती. फुडचं समदं मी अंदाजानं बोललो. त्ये किंजळ तुझं बरुबर हुतं. मी खोटं बोललो, आन् तू खोडलंस."

निशिगंधा उठून उभी राहिली. तिचा बाप पिराजी रागावला की जसा आवाज चढवतो तसा तिचा चढला. "आक्का, परवा छापायला चाललीया ही! पोरांच्या हातात देणार होतो आपण! सांगायचं न्हाईस व्हय मला?"

"काय सांगू? आक्काचं नाक मेलं म्हणून?" आक्काही ओरडली. "मग तू आली असतीस व्हय रव्वारची? म्हातारीच्या गप्पा ऐकाय कोण येतंय?"

निशिगंधानं पाठ फिरवली. ती जोत्याच्या टोकापर्यंत गेली. मग परत येऊन आत्याच्या पायाशी जमिनीवर बसली आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. "येडी हायस तू," ती म्हणाली. "मी काय नाकासाठी येत हुते?" आणि मग दोघीही रडल्या. देवळाकडून ढोल ऐकू येत होता, त्यामुळं कुणाला काही कळलं नाही.

डोळे पुसून झाल्यावर निशिगंधानं पिशवी मांडीवर ओतली. "चल, सगळं परत बघू."

"कशानं बघू? नाक कुठनं आणू?"

"माझं हाय की."

सुरुवात काही धड झाली नाही. निशिगंधानं पहिली काटकी मोडली, हुंगली आणि म्हणाली, "उग्र आहे."

"उग्र म्हंजे? उग्र तुझा बा हाय. नीट सांग."

"थोडा… तुरट. मातकट."

"हे पुस्तकातलं बोलू नगो. डोळं मीट. घरातलं काय आठवतंय?"

निशिगंधानं डोळे मिटले. मग ती अडखळत म्हणाली, "ताक घुसळून झाल्यावर… धुवायची राहिलेली रवी असती न्हवं… तसा."

आक्काचा चेहरा उजळला. "मागनं गोडसर?"

"व्हय! मागनं गोडसर!"

"जांभूळ. फुडची घे."

मग गाडी रुळावर आली. ओल्या घोंगड्यासारखा वास, चांभाराच्या दुकानाच्या पायरीसारखा, बाळंतिणीच्या खोलीसारखा, नव्या वहीच्या पुठ्ठ्यासारखा. आक्का ऐकायची, काटकी हातात तोलायची, कानाशी मोडायची, उलटसुलट दोन प्रश्न विचारायची आणि नाव सांगायची. एका काटकीला निशिगंधानं नाक लावलं मात्र, आणि तोंडावर पदर घेऊन पळाली. आक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. "त्यो नरक्या! त्याला नाव कशाला इचारायचं? त्यो सोताच सांगतोय!" आक्काला नाक असताना तिनं नुसतं नाव सांगितलं होतं, आणि निशिगंधानं नुसतं लिहून घेतलं होतं. वास कसा असतो हे आत्यानं कधी तिला सांगितलंच नव्हतं, कारण तशी गरजच पडली नव्हती.

चौतीस नंबरची काटकी निशिगंधानं मोडली आणि कपाळाला आठी घातली. "हिला काही खास वास नाही. पण नाकात आत चुणचुणतंय. मिरचीची फोडणी लांबून यावी तसं…"

आक्कानं फटक्यासरशी तिच्या हातातली काटकी उडवली. "टाक! हात पूस, पयला हात पूस! बिब्बा हाय त्यो!" तिनं पिशवीतली तेलाची बाटली काढली, देवाच्या दिव्यासाठी आणलेली, आणि भाचीची बोटं न् बोटं चोळून काढली.

निशिगंधानं तेलकट हातानंच वही उघडली. चौतिसाव्या पानावर तिच्याच सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं: 'भोमा. बंबाला चांगला. लहान मुलांनीही गोळा करावा.' तिनं ते वाचून दाखवलं. आक्का पुन्हा तिची बोटं चोळायला लागली. निशिगंधानं ते पान खोडलं नाही, फाडून टाकलं.

उन्हं कलली. पिराजी दोनदा हाक मारून गेला, "आक्का, प्रसाद संपायला आलाय!" दोघींनी त्याला दाद दिली नाही. चौदा पानं बदलली, किंजळ परत किंजळ झालं, आणि पिशवी रिकामी झाली. बसचा हॉर्न वाजायला लागला, तेव्हा आक्का उठण्यासाठी जमिनीला हात टेकायला गेली आणि तिच्या हाताखाली आणखी एक काटकी आली. आईची चूल होती त्या जागेची. साल नाही, पान नाही, पांढरी फटक. तिनं ती तोलली, मोडली, कान दिला. काही उलगडेना. तिनं दुसऱ्यांदा मोडली आणि अर्धा तुकडा निशिगंधाकडं दिला. "बघ गं. काय आठवतंय?"

निशिगंधानं डोळे मिटले. ताकाची रवी नाही, घोंगडं नाही, काहीच बोलली नाही ती. मग डोळे उघडून म्हणाली, "नाणा आहे."

"कशावरनं?"

"ते नाही सांगता येत," निशिगंधा म्हणाली. "पण झाड नाणाच आहे, आक्का."

आक्कानं तो तुकडा सवयीनं स्वतःच्या नाकाशी नेला. काहीही आलं नाही. खरं की खोटं, तपासायला तिच्यापाशी आता काही उरलं नव्हतं. भाचीच्या चेहऱ्याकडं तिनं नीट निरखून बघितलं, अंदाज बांधणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो हे तिच्याएवढं कुणाला ठाऊक असणार? तसं काही तिथं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली आणि उठायला हात पुढं केला. "तू म्हणतीस तर हाय."